गोफ

मालवणच्या किनाऱ्यावर सकाळी फिरायला गेलात, तर कधीकधी रापण ओढताना दिसते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे. होडीतून ते समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडतात. त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात. मग माणसांचे दोन गट होतात. एक गट या दोराला, दुसरा त्या दोराला. सगळे मागे मागे सरकत दोर ओढतात. जाळे जवळ येऊ लागले, की दोन्ही गटही हळूहळू एकमेकांकडे सरकतात. एका बाजूने घाई केली, तर जाळे तिरके होते आणि मासे निसटतात. म्हणून या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसावर नजर ठेवून असतो. तुमच्यापैकी काहींच्या घरचे लोकही या दोराला हात लावत असतील.

रापण हे काही नृत्य नव्हे. ते पोटापाण्याचे काम आहे. पण दोन गट, हातात दोर, सर्वांची पावले एका तालात आणि एकाची चूक सर्वांना महाग, हे सारे ज्यात आहे असे एक नृत्यही आपल्याकडे आहे. त्याचे नाव गोफ.

'गोफ' हा शब्द तुम्ही कदाचित सोनाराच्या दुकानात ऐकला असेल. गळ्यात घालायच्या, पेड घालून विणलेल्या सोन्याच्या साखळीला गोफ म्हणतात. रेशमाच्या किंवा सुताच्या विणलेल्या दोरीलाही गोफच म्हणतात. अशी दोरी बोटांनी न विणता माणसांनी नाचत नाचत विणली, की त्या नृत्यालाही तेच नाव मिळते. उर्दूत वेणी घालण्याला 'चोटी गूंधना' म्हणतात आणि कणीक मळण्याला 'आटा गूंधना' म्हणतात. मराठीत कणीक 'मळतात', फुले 'गुंफतात', वेणी 'घालतात' आणि गोफ 'विणतात'. आणखी एक शब्द लक्षात ठेवा : 'गुंतणे'. गुंफलेली दोरी सुटते. गुंतलेली दोरी सुटत नाही. दोन शब्दांत एका अक्षराचा फरक आहे, पण गोफ खेळणाऱ्यांची सगळी काळजी त्या एका अक्षराची असते.

गोफाकडे जाण्याआधी थोडे थांबून फुगडी पाहू. सिंधुदुर्गात गणेशचतुर्थीला 'चवथ' म्हणतात. चवथीच्या दिवसांत मुंबईची माणसे गावी येतात. रात्री जेवणे आटोपली, की शेजारपाजारच्या बायका घराघरांतून फुगड्या घालतात. दोघी समोरासमोर उभ्या राहतात. पावले जवळ जवळ ठेवतात. हातांची कैची करून एकमेकींचे हात घट्ट धरतात आणि दोघीही मागे झुकतात. मग गिरक्या सुरू होतात. या खेळातली गंमत अशी, की मागे झुकलेली एकटी मुलगी पडलीच असती. तिला तोलून धरते ती समोरची. समोरचीला तोलून धरते ही. दोघींपैकी एकीने जरी हात सैल सोडला, तरी दोघी जमिनीवर. वेग वाढला, की हात जास्त ताणले जातात आणि पकड जास्त घट्ट ठेवावी लागते. बसून घालायची फुगडी, एका हाताची फुगडी, दंडांना धरून घालायची फुगडी, असे तिचे कितीतरी प्रकार आहेत.

फुगडी ही एका जोडीची. दोघींचा तोल दोघींत मिटतो. आता अशा चार जोड्या एका वर्तुळात उभ्या केल्या आणि प्रत्येकीला आपली जोडी सोडून पुढच्या जोडीतल्या मुलीकडे जायला सांगितले, तर काय होईल? गोंधळ होईल. गोंधळ होऊ नये म्हणून नियम हवा. तो नियम म्हणजेच गोफ.

सिंधुदुर्ग जिल्हा संपतो तेथे तेरेखोल नदी आहे. तिच्या पलीकडे गोवा. गोव्याच्या दक्षिण भागात, काणकोण, सांगे आणि केपे या तालुक्यांत, शिगमोत्सवात गोफ खेळतात. आपल्याकडे ज्याला शिमगा म्हणतात, त्यालाच तिकडे शिगमो म्हणतात. देवळासमोरच्या किंवा गावाच्या ठरलेल्या मोकळ्या जागेला मांड म्हणतात. त्या मांडावर वरून रंगीत दोर सोडलेले असतात. एकेका खेळाडूच्या हाती एकेक दोर. घुमट आणि शामेळ ही वाद्ये वाजू लागतात आणि खेळाडू नाचत नाचत दोरांचा गोफ विणतात. गाणी बहुधा कृष्णाच्या गोष्टींची असतात. विणून झाला, की चाल बदलते आणि तेच खेळाडू उलटे नाचत गोफ उकलतात. शेवटी दोर पुन्हा सुटे होऊन लोंबू लागतात, जणू काही घडलेच नाही. हाच खेळ दोराशिवायही खेळतात. त्याला तालगडी म्हणतात.

महाराष्ट्रातल्या शाळांत स्नेहसंमेलनाला टिपऱ्यांबरोबर गोफ बसवण्याची पद्धत जुनी आहे. गुजरातेत सौराष्ट्राकडे 'गोफ गुंथन' आहे. तमिळनाडूत 'पिन्नल कोलाट्टम' आहे. त्यात मुली एका हाताने टिपरी वाजवतात आणि दुसऱ्या हातात दोर धरतात. पिन्नल म्हणजे वेणी. जेथे जेथे माणसे दोर वळतात आणि मुलींच्या वेण्या घालतात, तेथे तेथे हा खेळ कोणाला ना कोणाला सुचलेला दिसतो.

आता गोफ कसा विणतात ते नीट पाहू. हा भाग थोडा सावकाश वाचा. शक्य असेल तर कागदावर वर्तुळ काढून त्यावर आठ चिंचोके ठेवा आणि वाचता वाचता ते सरकवत जा.

वर आढ्याला एक लोखंडी कडी आहे असे समजा. तिला आठ दोर बांधले आहेत. चार तांबडे आणि चार हिरवे. खाली आठ मुली वर्तुळात उभ्या आहेत. एक तांबडी, एक हिरवी, पुन्हा एक तांबडी, एक हिरवी. (मुलगी तांबडी नव्हे, तिचा दोर तांबडा. पण बोलायला सोपे जावे म्हणून आपण असेच म्हणू.) प्रत्येक तांबडीने शेजारच्या हिरवीकडे तोंड केले, की चार जोड्या झाल्या.

सगळ्या तांबड्या घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाणार. सगळ्या हिरव्या उलट दिशेने. म्हणजे प्रत्येक तांबडीला समोरून एकेक हिरवी भेटत जाणार. पहिल्या भेटीत तांबडी बाहेरून जाते आणि हिरवी आतून. आतून जाणारी थोडी वाकते आणि बाहेरून जाणारीच्या दोराखालून पार होते. दुसऱ्या भेटीत नेमके उलट : तांबडी आतून, हिरवी बाहेरून. तिसऱ्या भेटीत पुन्हा तांबडी बाहेरून. बाहेर, आत, बाहेर, आत. नियम एवढाच आहे.

वर कडीजवळ काय होते ते पाहा. जी बाहेरून गेली, तिचा दोर वर पडला. जी आतून गेली, तिचा दोर खाली दबला. पुढच्या भेटीत वरचा दोर खाली जातो आणि खालचा वर येतो. त्यामुळे कोणताही दोर एकटा सुटू शकत नाही. त्याला दुसऱ्यांनी धरलेले असते. विणलेल्या टोपलीत किंवा खाटेच्या पट्ट्यांत हेच असते. तांबडे दोर एका बाजूने वळत खाली येतात, हिरवे दुसऱ्या बाजूने, आणि दोघांच्या मध्ये शंकरपाळ्याच्या आकाराची नक्षी उमटते.

काथ्याचा दोर वळताना तुम्ही पाहिला असेल, तर येथे एक फरक तुमच्या लक्षात येईल. काथ्याच्या दोरात दोन पेड आधी एका दिशेने पिळतात आणि मग दोन्ही मिळून उलट दिशेने पिळतात. ते एकमेकांना पिळाच्या जोरावर धरून राहतात. पीळ सैल झाला, की दोर उलगडतो. गोफाला पीळ नाही. तो वर-खाली या क्रमावर उभा आहे.

आता थोडे गणित. एक तांबडी पूर्ण वर्तुळ फिरून आपल्या जागी येईपर्यंत तिला किती हिरव्या भेटतात? चटकन 'चार' असे उत्तर येईल, कारण हिरव्या चारच आहेत. पण हिरव्याही चालत आहेत. त्यामुळे अर्ध्या वर्तुळातच चारही जणी भेटून होतात. पाचव्या भेटीला तीच पहिली जोडीदारीण पुन्हा समोर येते, मात्र मांडाच्या दुसऱ्या बाजूला. पूर्ण फेरीत आठ भेटी होतात. प्रत्येक वेळी एकाच क्षणी चार ठिकाणी भेट होते. म्हणून एका फेरीत गोफाला ३२ वेढे पडतात. चिंचोके सरकवून मोजून पाहा. पाचव्या भेटीत जोडीदारीण परत आली नाही, तर कोठेतरी चुकले आहे असे समजावे. खेळणारेही हीच खूण धरून असतात.

गोफ विणला जातो तसा दोर वर खर्च होतो आणि हातातला दोर कमी होतो. वर्तुळ आपोआप लहान होत जाते, रापणीचे गट जवळ येतात तसे. म्हणून दोर सुरुवातीला पुरेसा लांब हवा. कडी बारा फुटांवर असेल, तर अठरा फुटांचा दोर घ्यावा आणि जास्तीचा हातात गुंडाळून ठेवावा. सर्वांनी दोर सारखाच ताणून धरायचा असतो. एकीने सैल धरला, तर तिच्या रंगाचे फुगे दिसतात. एकीने फार ओढला, तर गोफ तिच्या बाजूला वाकतो.

एखादी मुलगी चुकून दोनदा सलग बाहेरून गेली तर? पहिल्यांदा बाहेरून जाताना काहीच बिघडत नाही. पण पुढच्या भेटीत समोरून येणारी मुलगीही नियमाप्रमाणे बाहेरच निघालेली असते. दोघी एकमेकींवर आदळतात. आणि गंमत म्हणजे आदळल्यावर प्रेक्षकांना वाटते, की चूक दोघींची.

अशी आत-बाहेरची वाट इंग्रजांनाही माहीत होती. इंग्लंडमध्ये 'कंट्री डान्स' नावाचे जोड्यांचे नृत्य होते. लंडनमध्ये जॉन प्लेफर्ड नावाचा एक पुस्तकविक्रेता आणि प्रकाशक होता. त्याने १६५१ साली 'द इंग्लिश डान्सिंग मास्टर' नावाचे पुस्तक छापले. त्यात शंभराहून अधिक नृत्यांच्या चाली आणि पावले कशी टाकायची याच्या सूचना होत्या. इकडे मालवणच्या समुद्रात शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग बांधायला घेतला तो १६६४ साली. म्हणजे हे पुस्तक त्याआधी तेरा वर्षांचे. पुढे १७२८ पर्यंत त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या.

त्या नृत्यांपैकी पुष्कळशी दोन रांगांची होती. एका रांगेत पुरुष, समोरच्या रांगेत स्त्रिया. समोरासमोरची दोघे म्हणजे एक जोडी. पहिली जोडी दुसऱ्या जोडीबरोबर नाचते आणि एक जागा खाली सरकते. मग तिसऱ्या जोडीबरोबर नाचते आणि आणखी एक जागा सरकते. असे करत करत ती शेवटच्या टोकाला पोहोचते. तोवर दुसऱ्या जोड्या वर सरकलेल्या असतात. म्हणजे नृत्य संपेपर्यंत रांगेतल्या प्रत्येक जोडीशी गाठ पडते. काही नृत्यांत नाचणारे एकमेकांच्या एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून, असे नागमोडी जातात. आपल्या गोफातली बाहेर-आत, बाहेर-आत ती हीच. फक्त त्यांच्या हातात दोर नसतो, त्यामुळे विणलेले काही मागे उरत नाही. आपली तालगडी त्यांना ओळखीची वाटली असती.

हे नृत्य इंग्लंडहून फ्रान्सला गेले. तेथून ते युरोपभर पसरले. पोर्तुगीजही ते नाचू लागले. एकोणिसाव्या शतकात गोव्यातल्या सासष्टी भागात ख्रिस्ती घरांतून 'मांडो' नावाचा गीतनृत्याचा प्रकार रुजला. त्यातही दोन रांगा समोरासमोर असतात. स्त्रियांच्या हातात पंखा आणि पुरुषांच्या हातात रुमाल. गाणे कोकणी भाषेतले, साथीला व्हायोलिन आणि घुमट. रांगा युरोपच्या दिवाणखान्यातल्या आणि घुमट शिगम्यातले. तेच घुमट काणकोणात गोफालाही वाजते.

दोर घेऊन नाचण्याचा प्रकारही इंग्लंडमध्ये आहे. मे महिन्यात मैदानात एक उंच खांब उभारतात. त्याच्या टोकाला रंगीत फिती बांधतात. मुले फिती धरून खांबाभोवती आत-बाहेर जात नाचतात. १८८१ साली लंडनमध्ये व्हाइटलँड्स या शिक्षिकांच्या महाविद्यालयात जॉन रस्किन या लेखकाच्या प्रेरणेने मे महिन्याचा उत्सव सुरू झाला. तेथे शिकलेल्या शिक्षिकांनी असे उत्सव आपापल्या शाळांत नेले. जुनी नृत्ये मागे पडत आहेत असे पाहून सेसिल शार्प या संगीतशिक्षकाने खेडोपाडी फिरून ती लिहून घेतली आणि १९११ साली त्यांच्यासाठी एक संस्था काढली. इंग्लंडातल्या त्या खेळात आणि आपल्या गोफात एक मोठा फरक आहे. त्यांच्या फिती खांबाला लपेटल्या जातात. आपल्याकडे खांबच नाही. गोफ हवेत लोंबतो. तो स्वतःच स्वतःला धरून असतो. म्हणून आपल्याकडे चूक लपत नाही.

चुकीवरून आमच्या शाळेतली एक गोष्ट सांगतो. २०१२ सालचा डिसेंबर महिना होता. मी मालवणच्या बाजूच्या एका उर्दू शाळेत मराठी शिकवत होतो. स्नेहसंमेलनासाठी नववीच्या आठ मुलींचा गोफ मी बसवला होता. मराठीच्या शिक्षकाकडे हे काम का आले, असे तुम्ही विचाराल. दुसरे कोणी तयार नव्हते, एवढेच. मी लहानपणी गोफ खेळलो होतो, म्हणून मला तो येतो, असे सर्वांना वाटले. मलाही तसेच वाटले.

पंधरा दिवस सराव झाला. विणणे उत्तम जमले. एक फेरी, ३२ वेढे, पाचव्या भेटीला जोडीदारीण समोर. उकलण्याचा सराव मात्र आम्ही शेवटावर ठेवला होता. संमेलनाच्या आदल्या दिवशी दुपारी मी मुलींना म्हटले, "आता सगळ्या मागे वळा. पहिल्यासारखेच करायचे. तांबड्या आधी बाहेरून."

तुम्ही चिंचोके सरकवले असतील, तर माझी चूक तुम्हांला आताच दिसली असेल. मला ती दिसली नाही.

मुली वळल्या आणि नाचू लागल्या. गोफ सुटेना. उलट तो आणखी वाढू लागला आणि मध्येच जाड झाला. मी म्हटले, "थांबा, पुन्हा वळा, पुन्हा तांबड्या बाहेरून." आणखी एक गाठ पडली. तिसऱ्या खेपेला दोर इतके आखूड झाले, की मुलींची डोकी एकमेकींना लागू लागली. एक मुलगी हसली. मग दोघी रडू लागल्या. दुसऱ्या दिवशी चार वाजता कार्यक्रम होता, पालक येणार होते. दुसरे दोर गावात मिळण्यासारखे नव्हते. ते रंगवून वाळवायलाच आम्हांला तीन दिवस लागले होते. मी शिपायाला विळी आणायला सांगितली. निदान मुली तरी मोकळ्या होतील असा माझा विचार होता.

तेव्हा हिरवा दोर धरलेली एक मुलगी म्हणाली, "सर, कापू नका ना. शेवटी कोण वरून गेली ते आधी बघू."

तिची नानी काथ्याचे दोर वळत असे. दोरात गुंता झाला, की नानी टोक हातात घेऊन ओढत नसे. ती शेवटचा वेढा शोधत असे, असे त्या मुलीने आम्हांला नंतर सांगितले. तिने स्टूल मागितले. त्यावर उभी राहून तिने गोफाचे खालचे टोक पाहिले. सर्वांत शेवटी पडलेल्या चार वेढ्यांत तांबडा दोर वर होता. "तांबड्या बाहेरून," ती म्हणाली, "पण एकच पाऊल. मग थांबायचे." मुलींनी एक पाऊल टाकले. तिने पुन्हा पाहिले. आता वरचा दोर हिरवा होता. "हिरव्या बाहेरून." पुन्हा एक पाऊल. काही वेळाने ती म्हणाली, "आता तोंड फिरवा," आणि मी जेथे दुसऱ्यांदा चुकलो होतो ती गाठ सुटली. गाणे नाही, ताल नाही. फक्त तिचा आवाज आणि आठ जणींची पावले. शिपाई विळी घेऊन दारात उभा होता. तोही बघत राहिला.

आता ती चूक नीट समजून घ्या. विणताना आठवी, म्हणजे शेवटची भेट झाली तेव्हा तांबड्या आतून गेल्या होत्या. उकलायचे म्हणजे आल्या वाटेने परत जायचे. मग परतताना पहिली भेट त्याच हिरवीशी होणार आणि तांबडीने पुन्हा आतूनच जायला हवे होते. मी तिला बाहेरून पाठवले. म्हणजे जाताना आतून आणि येताना बाहेरून. त्यामुळे तिचा दोर हिरव्या दोराला पूर्ण लपेटला गेला. चारही जोड्यांत असेच झाले. वेढा सुटायचा, त्याऐवजी त्याचा आकडा झाला. गुंफलेले होते ते गुंतले.

घरातून बाहेर पडताना आपण आधी मोजे घालतो आणि मग बूट. घरी आल्यावर आधी बूट काढतो, मग मोजे. शेवटी घातलेले आधी निघते. हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. गोफातही हेच आहे, पण पाय तालात पडत असले, की डोके हे विसरते. त्या मुलीची युक्ती त्याहून सोपी होती. मागचे आठवत बसायची गरजच नाही. खालचा वेढा पाहायचा. ज्या रंगाचा दोर वर, त्या रंगाच्या मुली बाहेरून. पुन्हा पाहायचे. कितीही चुका झालेल्या असोत, प्रत्येक चूक दोरावर उमटलेली असते आणि त्याच क्रमाने सापडते.

गोफ पूर्ण सुटायला पाऊण तास लागला. दोर सुटे झाले तेव्हा संध्याकाळ झाली होती. मुलींनी घरी निरोप पाठवले आणि दिवा लावून आणखी तीनदा विणून तीनदा उकलला. दुसऱ्या दिवशी कार्यक्रमात एक तांबडी थोडी अडखळली. पण समोरून येणारी हिरवी क्षणभर थांबली, तिला जाऊ दिले आणि मग स्वतः आतून गेली. पालकांच्या ते लक्षातही आले नसेल. चाल बदलली, मुली वळल्या, तांबड्या वाकून आतून गेल्या, आणि गोफ खालून वर सुटत सुटत कडीपर्यंत गेला.

तुम्हांला शाळेत गोफ बसवायचा असेल, तर आठच मुले हवीत असे नाही. सहा चालतील, दहा चालतील, बाराही चालतील. मात्र संख्या सम हवी. विषम झाली, तर एकाला जोडीदार उरत नाही. पहिल्यांदा दोर न घेता नुसते चालून पाहा. बाहेरून जाणाऱ्याने हात वर करायचा, एवढी खूण पुरे. ते जमले, की साधे सुती दोर घ्या. नायलॉनचे दोर घेऊ नका. ते हातातून सरकतात आणि गोफ घट्ट बसत नाही. कडी मोठ्या माणसाकडून पक्की लावून घ्या. चाल साधी, ठळक ठेक्याची निवडा. एका भेटीला चार मात्रा पुरतात. एक जण बाहेर राहून फक्त गोफाकडे पाहणारा हवा. नाचणाऱ्यांना आपला गोफ दिसत नाही.

पुढच्या वर्षी आठवीच्या नव्या मुली आल्या. गोफ बसवायचे काम त्या स्टुलावरच्या मुलीने घेतले. ती तेव्हा दहावीत होती. तिने पहिल्या दिवशी नव्या मुलींना विणू दिले नाही. जुन्या मुलींनी आधीच विणलेला गोफ कडीला लोंबत होता. तिने नव्या मुलींच्या हाती त्याचे आठ दोर दिले आणि खालचा वेढा दाखवून विचारले, "सांगा, कोण बाहेरून जाणार?"